फोर्ट लॅरमी पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्व्हर, फोर्ट कॉलिन्स किंवा शायान भागात राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत माउंट रशमोरची सहल हमखास काढतात. त्या वाटेवर, थोडा वळसा घेतला की, अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचं एक जुनं लष्करी ठाणं लागतं: फोर्ट लॅरमी. बहुतेक जण ते न पाहताच पुढे जातात आणि मला त्याचं वाईट वाटतं. माउंट रशमोर ज्या डोंगरात कोरलं आहे, त्या डोंगरांचं भवितव्य ज्या कागदावर लिहिलं गेलं, त्या कागदाला या ठाण्याचं नाव आहे. जाण्याआधी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

फोर्ट लॅरमी नेमका आहे कुठे?

वायोमिंग राज्याच्या आग्नेय भागात, लॅरमी नदी नॉर्थ प्लॅट नदीला मिळते त्या संगमाजवळ. आजूबाजूला मैलोन्मैल गवताळ माळरान आहे आणि नदीकाठी कॉटनवुडची झाडं. डेन्व्हरहून शायानमार्गे साधारण साडेतीन तास लागतात. शायानहून दोन रस्ते आहेत. एक टॉरिंग्टन गावावरून जातो, दुसरा आय-25 महामार्गाने उत्तरेला जाऊन मग गर्न्सी गावावरून. जाताना एका रस्त्याने आणि येताना दुसऱ्याने असं केलंत तर उत्तम.

जीपीएसमध्ये ‘लॅरमी’ टाकलं तर भलतंच ठिकाण येतं. बरोबर कोणतं?

लॅरमी नावाचं शहर आहे. तिथे वायोमिंग विद्यापीठ आहे आणि ते किल्ल्यापासून रस्त्याने शंभर मैलांहून दूर आहे. तिथे पोचलात तर दिवस गेला. शिवाय फोर्ट लॅरमी नावाचं छोटंसं गावही आहे. किल्ला त्या गावापासून तीनेक मैलांवर, नैऋत्येला आहे. म्हणून शोधताना ‘फोर्ट लॅरमी नॅशनल हिस्टॉरिक साइट’ असं पूर्ण नाव टाका. नदी, शहर, गाव आणि किल्ला या सगळ्यांना नाव मिळालं ते एका फ्रेंच-कॅनेडियन फासेपारध्यावरून. 1820 च्या सुमारास याच भागात त्याचा मृत्यू झाला, असं मानतात.

तिकीट किती? वेळा काय?

तिकीट नाही. आवार रोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुलं असतं. संग्रहालय आणि माहिती केंद्राच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि मोठ्या सणांना ते बंद असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या, कारण एवढ्या लांब जाऊन बंद दार बघण्यात अर्थ नाही.

किती वेळ ठेवावा?

दोन तासांत फेरी होते. पण प्रत्येक खोलीत डोकावायचं असेल, पाट्या वाचायच्या असतील आणि नदीपर्यंत चालत जायचं असेल तर तीन-साडेतीन तास धरा. जोडीला गर्न्सीजवळच्या दोन जागा बघायच्या असतील (त्यांच्याबद्दल पुढे सांगितलं आहे), तर पूर्ण दिवस जातो.

कोणत्या महिन्यांत जावं?

जून ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त काही चालू असतं. जुन्या काळचे गणवेश घातलेले कर्मचारी आणि स्वयंसेवक बराकीत, बेकरीत, दुकानात भेटतात आणि विचारलं की मनापासून बोलतात. ऊन मात्र कडक असतं, आणि परेड मैदानावर सावली शोधावी लागते. समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास उंची असल्याने हवा कोरडी आहे. तहान लागल्याचं उशिरा कळतं. मे अखेर आणि सप्टेंबर हे मला सर्वांत योग्य वाटतात. हिवाळ्यात वारा अंगाला झोंबतो आणि काही इमारती बंद असू शकतात, पण बर्फातलं ते रिकामं मैदान बघितलं की इथे ठाणेबंद होऊन राहिलेल्या शिपायांचा हिवाळा कसा गेला असेल याची थोडी कल्पना येते.

तटबंदी कुठे आहे? बुरूज, दरवाजे काहीच कसं दिसत नाही?

हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस विचारतो. आपण राजगड, जंजिरा, वसई पाहून मोठे झालेलो असतो. इथे गाडीतून उतरलं की समोर एक मोठं मैदान, भोवती पांढऱ्या इमारती, मध्ये झेंड्याचा खांब आणि चहूबाजूंनी मोकळं माळ. फोटो काढायला किल्ला कुठे, असं वाटतं.

भिंती एके काळी होत्या, पण त्या लष्कराच्या नव्हत्या. 1834 मध्ये विल्यम सब्लेट आणि रॉबर्ट कॅम्पबेल या दोन व्यापाऱ्यांनी इथे कॉटनवुडच्या ओंडक्यांचं कुंपण उभारून व्यापाराचं ठाणं सुरू केलं. म्हशीसारख्या दिसणाऱ्या बायसनची कातडी लकोटा आणि शायान या इथल्या मूळनिवासी जमातींकडून घ्यायची आणि बदल्यात कापड, भांडी, बंदुका, तंबाखू द्यायचा, हा तो व्यापार. लाकूड कुजायला लागलं तेव्हा 1841 मध्ये जवळच कच्च्या विटांचं नवं ठाणं झालं. त्याचं अधिकृत नाव फोर्ट जॉन, पण लोक त्याला फोर्ट लॅरमीच म्हणत. त्याला उंच भिंती होत्या, कोपऱ्यांत बुरुजासारखी बांधणी होती.

1849 च्या जूनमध्ये लष्कराने ते 4,000 डॉलरला विकत घेतलं. ओरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणाऱ्या स्थलांतरितांच्या वाटेवर पहारा ठेवणं हा हेतू. लष्कराने नवं ठाणं बांधलं ते उघड्यावर, आणि जुन्या विटांच्या भिंती पुढे ढासळत गेल्या. तट बांधायचा तर प्रचंड लाकूड हवं, ते या माळरानावर दुर्मीळ. आणि वेढा घालून बसायची इथल्या घोडेस्वार जमातींची युद्धपद्धती नव्हती. त्यामुळे तोफखान्याला तोंड देणाऱ्या भिंतींची गरजच नव्हती. पश्चिमेकडची बहुतेक लष्करी ठाणी अशीच उघडी असत. अपवाद होते, उत्तरेकडच्या फोर्ट फिल कर्नीला खांबांचं भक्कम कुंपण होतं.

याचा अर्थ इथे कधीच धक्का बसला नाही असा नाही. 1864 च्या उन्हाळ्यात गस्तीवरून परतलेल्या तुकडीने घोड्यांचे खोगीर उतरवून त्यांना परेड मैदानावर मोकळं सोडलं होतं. तेवढ्यात काही योद्धे दिवसाढवळ्या आत आले आणि घोडे हाकलून घेऊन गेले. मोठा हल्ला मात्र या ठाण्यावर कधी झाला नाही.

मग बघण्यासारखं काय आहे?

पुष्कळ. सुरुवात माहिती केंद्रापासून करा. ते 1884 च्या रसद-कोठारात आहे. मग मैदानाला प्रदक्षिणा घाला.

ओल्ड बेडलॅम ही दुमजली, मोठ्या व्हरांड्याची पांढरी इमारत 1849 ची. वायोमिंगमधली उभी असलेली ही सगळ्यात जुनी इमारत मानली जाते. अविवाहित अधिकाऱ्यांचं हे निवासस्थान. काही काळ ठाण्याचं मुख्यालयही इथेच होतं. 1866 च्या नाताळच्या रात्री इथे नाच रंगला होता. तेव्हा जॉन फिलिप्स नावाचा माणूस कडाक्याच्या थंडीत, बर्फातून 236 मैल घोडदौड करून पोचला. फोर्ट फिल कर्नीजवळ 21 डिसेंबरला कॅप्टन फेटरमनची 81 जणांची तुकडी लकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी संपूर्ण कापून काढल्याची बातमी त्याने आणली होती. खालच्या मजल्यावर उभं राहून ही गोष्ट मुलांना सांगा.

व्यापाऱ्याचं दुकान तर दिवसभर बघत बसावं असं. एकाच इमारतीत तीन काळ आहेत: 1849 चा कच्च्या विटांचा भाग, 1850 च्या दशकातला दगडी भाग आणि 1883 चा चुन्याच्या काँक्रीटचा भाग. लष्कराचा परवाना असलेला व्यापारी हे दुकान चालवी. शिपाई, वाटसरू, लकोटा कुटुंबं, शिकारी सगळे एकाच काउंटरपाशी येत. फडताळांवर त्या काळचा माल मांडलेला आहे. शेजारच्या शिपायांच्या बारमध्ये उन्हाळ्यात थंड रूट बिअर मिळते. त्यात दारू नसते, मुलांना बिनधास्त द्या.

1874 ची घोडदळाची बराक ही सगळ्यात लांबलचक इमारत. वर झोपायचा मोठा दालन, खाली जेवणघर आणि स्वयंपाकघर. ओळीने लावलेल्या खाटा, प्रत्येकीच्या डोक्याशी फळीवर सामान, पायाशी पेटी. 1870 च्या दशकात साध्या शिपायाला महिन्याला 13 डॉलर पगार होता. लढाईपेक्षा पाणी वाहणं, लाकूड तोडणं, नदीचा बर्फ कापून साठवणं, तबेले झाडणं यातच त्याचे दिवस जात. कितीतरी जण आयर्लंड आणि जर्मनीतून नुकतेच आलेले, आणि पळून जाणाऱ्यांची संख्याही मोठी होती. त्या खोलीत थोडा वेळ थांबा.

बेकरीत प्रत्येक शिपायासाठी रोज 18 औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास पाव भाजला जाई. 1866 चा दगडी गारदखाना, म्हणजे पहारेकऱ्यांची चौकी आणि कोठडी, छोटासा आहे, पण त्याचा तळमजला बघाच. कैद्यांना तिथे उजेड, ऊब किंवा सामान यांपैकी काही मिळत नसे. टेकाडावरच्या 1873 च्या रुग्णालयाच्या आता फक्त भिंती उरल्या आहेत, चुन्याच्या काँक्रीटच्या, पांढऱ्याफटक. तिथून संपूर्ण ठाण्याचा नकाशा एका नजरेत दिसतो. संध्याकाळी तिथे जा.

इमारती इतक्या वर्षांनी टिकल्या कशा?

बऱ्याचशा टिकल्या नाहीत. 1867 मध्ये रेल्वे शायानला पोचली आणि बैलगाड्यांची वाट ओस पडू लागली. 1890 मध्ये लष्कराने ठाणं सोडलं आणि इमारतींचा लिलाव केला. माळरानावर लाकडाची टंचाई होती, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी इमारती विकत घेऊन त्यांच्या फळ्या, दारं, खिडक्या काढून नेल्या. रुग्णालयाचं छप्परही असंच गेलं. काही इमारती माणसं राहत होती म्हणून वाचल्या. इथला शेवटचा लष्करी व्यापारी जॉन हंटन याने काही घरं घेतली आणि तो पुढे अनेक वर्षं तिथेच राहिला. घोडदळाच्या बराकीत हॉटेल, गुत्ता आणि नाचघर चाललं. त्यांनी ते जतनाच्या हेतूने केलं नव्हतं, पण छप्पर राहिलं ते त्यांच्यामुळे. 1937 मध्ये वायोमिंग राज्याने जागा विकत घेतली, 1938 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं आणि 1960 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली.

‘फोर्ट लॅरमीचा करार’ म्हणतात तो काय आहे?

करार दोन आहेत. ते समजून घेतल्याशिवाय इथून निघू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिला 1851 चा. वाटेवरून जाणाऱ्यांची संख्या वाढत होती, गवत संपत होतं, बायसन दूर जात होते. सरकारने माळरानावरच्या जमातींना बोलणीसाठी बोलावलं आणि सुमारे दहा हजार लोक आले: लकोटा, शायान, अरापाहो, क्रो आणि इतर. एवढ्या माणसांच्या घोड्यांना किल्ल्याजवळ चारा पुरेना, म्हणून सगळा मेळावा पूर्वेला हॉर्स क्रीकपाशी हलवावा लागला. ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं त्यांनी शेजारी शेजारी तंबू ठोकले. करारात ठरलं ते असं: सरकारने रस्ते आणि ठाणी बांधावीत, जमातींनी वाटसरूंना त्रास देऊ नये, आणि बदल्यात दर वर्षी 50,000 डॉलरचा माल 50 वर्षं मिळावा. नंतर वॉशिंग्टनमध्ये सिनेटने 50 वर्षांची मुदत कापून 10 केली.

तीन वर्षांत करार रक्ताने माखला. ऑगस्ट 1854 मध्ये मॉर्मन पंथाच्या एका स्थलांतरिताची भरकटलेली गाय लकोटांच्या तळावर एकाने मारली. त्यांचा प्रमुख कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. तरी लेफ्टनंट ग्रॅटन हा तरुण अधिकारी 29 शिपाई, एक दुभाषा आणि दोन तोफा घेऊन आरोपीला पकडायला गेला. गोळीबार झाला, कॉन्करिंग बेअरला प्राणघातक जखमा झाल्या आणि ग्रॅटनची सगळी तुकडी मारली गेली. पुढच्या वर्षी जनरल हार्नीने ब्लू वॉटर क्रीकवर लकोटांचा तळ उद्ध्वस्त केला. मेलेल्यांत बायका-मुलं होती. एका गाईची किंमत चुकती करून मिटला असता असा हा वाद होता.

दुसरा करार 1868 चा. मधल्या काळात मोंटानातल्या सोन्याकडे जाणारी बोझमन वाट लकोटांच्या शिकारभूमीतून काढली गेली. 1866 मध्ये फोर्ट लॅरमीला त्यावर बोलणी चालू असतानाच कर्नल कॅरिंग्टन त्या वाटेवर ठाणी बांधायला सैन्य घेऊन येऊन पोचला. लकोटांचा नेता रेड क्लाउड बोलणी सोडून निघून गेला आणि दोन वर्षं लढला. वाटेवरची ठाणी रिकामी होईपर्यंत त्याने सही केली नाही. नोव्हेंबर 1868 मध्ये तो इथे आला आणि सही केली. पश्चिमेकडच्या युद्धांत सरकारला अशी माघार क्वचितच घ्यावी लागली. करारानुसार ब्लॅक हिल्ससह (माउंट रशमोर याच डोंगरांत आहे) मोठा प्रदेश लकोटांसाठी कायम राखला गेला. त्यांच्या प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांश जणांच्या सह्यांशिवाय त्यातली जमीन कुणालाही घेता येणार नाही, असं कलमही होतं.

1874 मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडल्याची बातमी आणली. 1877 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून तो प्रदेश काढून घेतला. तीन चतुर्थांश सह्यांच्या जवळपासही कोणी पोचलं नव्हतं. लकोटांनी न्यायालयात लढा दिला. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन योग्य मोबदल्याविना घेतल्याचं मान्य केलं आणि व्याजासह सुमारे 10.5 कोटी डॉलरची भरपाई कायम केली. लकोटांनी ती आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना जमीन हवी आहे. ती रक्कम व्याजाने वाढत केव्हाच एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि लकोटांच्या राखीव प्रदेशांतली गरिबी पाहिली की त्या नकाराचं वजन कळतं.

नदीवरचा लोखंडी पूल मुद्दाम बघण्यासारखा आहे का?

हो. गाव ते किल्ला या रस्त्यावरच नॉर्थ प्लॅट नदीवर तो आहे. 1875-76 मध्ये लष्कराने बांधला. धनुष्यासारख्या कमानींचा, आता फक्त पायी जाण्यासाठी. हा पूल होण्याआधी नदी ओलांडताना माणसं आणि जनावरं बुडत. तो झाल्यावर शायानहून ब्लॅक हिल्सकडे सोनं शोधायला निघालेल्यांची वाट सोपी झाली. ज्या प्रदेशात त्यांना जायला करारानेच मनाई होती, तिथे जायचा हा रस्ता. करार वाचून झाल्यावर पुलावर या.

लहान मुलांना कंटाळा येईल का?

ज्युनियर रेंजरची पुस्तिका माहिती केंद्रात मागून घ्या. ती भरली की बिल्ला मिळतो आणि त्या नादात मुलं प्रत्येक इमारत नीट बघतात. मैदान मोठं आहे, पळायला हरकत नाही. मात्र उंच गवतात जाऊ देऊ नका. इथे रॅटलस्नेक असतात. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर जागीच थांबून हळूच मागे सरकायचं, हे आधीच समजावून ठेवा.

आई-वडील भारतातून आले आहेत. त्यांना झेपेल का?

जमीन सपाट आहे, त्यामुळे फिरणं जड नाही. जुन्या इमारतींचे जिने अरुंद आणि उभे आहेत, ते टाळले तरी चालतील. व्हीलचेअर लागत असेल तर आधी माहिती केंद्रात विचारा, काही ठिकाणी पायऱ्या आहेत. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

जेवणाचं काय? शाकाहारी काही मिळतं?

आत उपाहारगृह नाही. टॉरिंग्टन आणि गर्न्सी ही छोटी गावं आहेत, तिथे शाकाहारी पर्याय मोजके. घरून दशम्या, चटणी, दही-भात असं काही घेऊन निघा आणि पिकनिकच्या जागेवर झाडाखाली बसून खा. गाडीचं पेट्रोलही भरून घ्या. मोबाइलची रेंज मध्येच जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

ड्रोन उडवता येतो का? जुनं नाणं किंवा गणवेशाचं बटण सापडलं तर?

ड्रोनला बंदी आहे, मेटल डिटेक्टरलाही. जमिनीवर काही सापडलं तर उचलू नका, कर्मचाऱ्याला जागा दाखवा. वस्तू कुठे पडली होती यावरूनच अभ्यासकांना माहिती मिळते आणि हा केंद्रीय कायद्याचाही विषय आहे. कुत्रा पट्ट्याने बांधून आवारात नेता येतो, इमारतींत नाही.

जवळपास आणखी काय बघावं?

गर्न्सीजवळ रजिस्टर क्लिफ आहे. वाटसरूंनी त्या कड्यावर आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. तिथून थोड्याच अंतरावर हजारो बैलगाड्यांच्या चाकांनी वालुकाश्मात पडलेल्या चाकोऱ्या आहेत, काही ठिकाणी पाच फूट खोल. मिसुरी नदीपासून सुमारे साडेसहाशे मैल चालून लोक इथवर येत. पुढचा प्रवास त्याहून मोठा होता आणि कॉलऱ्याने कित्येक जण वाटेतच गेले. दोन्ही जागा विनामूल्य आहेत.

माउंट रशमोरच्या आधी इथे यावं की परतताना?

आधी. डेन्व्हरहून पहाटे निघा, दुपारपर्यंत किल्ला आणि पूल करा, मुक्कामाला टॉरिंग्टन किंवा लस्क गाठा. दुसऱ्या दिवशी लस्क, न्यूकॅसल, कस्टर या गावांवरून उत्तरेकडे गेलात की त्याच ब्लॅक हिल्समध्ये शिराल. किल्ल्यापासून माउंट रशमोर साडेतीन तासांच्या आसपास आहे. एक दिवस जास्त असेल तर परतताना पूर्वेकडून, पाइन रिज या ओगलाला लकोटांच्या प्रदेशातून या. रेड क्लाउडची कबर तिथे आहे.